उरलेल्या पानांचं बाड

धाकट्या बहिणीच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मी नवी साडी नेसून गेले, आणि हॉलमध्ये पाय ठेवल्याबरोबर मला त्या साडीचा राग आला. बाकीची मंडळी चुरगळलेल्या कुडत्यांत, विटक्या जीन्समध्ये आली होती. धाकटीने तर साधा, रंगाचे डाग पडलेला झब्बा घातला होता, आणि त्यातच ती उत्सवमूर्ती दिसत होती. मी मात्र लग्नघरातून वाट चुकून आल्यासारखी दिसत होते.

हॉल नगरमधला. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, आमच्या तोंडातून अजून नगरच निघतं. सोनईहून आम्ही दोघं नवरा-बायको मोटारसायकलवर गेलो होतो. नवऱ्याने सगळी चित्रं शेतातला बांध पाहावा तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पाहिली आणि परत येऊन म्हणाला, "लई भारी काढलंय गं तुझ्या बहिनीनं. पन त्या धुराड्यातून मासे का निघत्यात?"

"तिला विचारा," मी म्हटलं.

चित्रं भिंतीएवढी होती. प्रत्येक चित्र म्हणजे जुन्या कॉमिकमधली एकेक चौकट, फुगवून फुगवून माणसाएवढी केलेली. छपाईचे ते बारीक ठिपके तिने एकेक करून ब्रशने काढले होते. बोलण्याचे फुगे होते, पण त्यात अक्षरांऐवजी पाणी भरलेलं. साखर कारखान्याच्या धुराड्यातून काजळीऐवजी मासे बाहेर पडत होते. एका बाईचे लाल ओठ चेहऱ्यावरून घसरून चार बोटं उजवीकडे, हवेत. लहानपणी आमच्या कॉमिकमध्ये छपाईवाल्याचा रंग असाच रेघेबाहेर सरकलेला असायचा, आणि ती बाई बोलायच्या आधी तिचे ओठ पुढे जातात असं आम्हाला वाटायचं. मी गेली कित्येक वर्षं शाळेत चित्रकला शिकवते. रोज वर्गात निदान दहा वेळा म्हणते, रंग रेघेबाहेर जाऊ देऊ नका. आणि माझ्या सख्ख्या बहिणीला रंग रेघेबाहेर गेल्याबद्दल पुष्पगुच्छ मिळत होता.

पुण्याहून एक प्राध्यापक आले होते. जुनी कॉमिक्स, अतिवास्तववाद आणि फाइन आर्ट या तिन्ही प्रवाहांचा संगम म्हणजे ही चित्रकर्ती, असं ते म्हणाले. मग ते मधल्या सर्वांत मोठ्या चित्रापाशी गेले. त्या चित्रात हातमोजे घातलेला एक गुप्तहेर दार उघडतोय आणि चौकटीपलीकडे खोलीऐवजी समुद्राचा तळ आहे. तळाशी पितळी शिरस्त्राण घातलेला पाणबुड्या एका पेटीसमोर वाकलाय. प्राध्यापकांनी सांगितलं की ही चौकट म्हणजे इथल्याच शनिशिंगणापूरची बिनदाराची घरं, लोकपरंपरेच्या नेणिवेतून आलेली. लोकांनी माना डोलावल्या. मी शिंगणापूरच्या शेजारच्या गावात राहते. शनिवारी भाविकांच्या गाड्यांमुळे मला भाजी आणायला जाता येत नाही. धाकटीने आयुष्यात शिंगणापूर नीट पाहिलेलंसुद्धा नाही, आम्ही वाढलो कोपरगावकडे. आणि चित्रातल्या दाराला तर चांगली घसघशीत मूठ होती. पण प्राध्यापकांना कोण सांगणार.

ते दार खरं कुठून आलं हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

चित्रांच्या मधोमध काचेच्या पेटीत एक जाडजूड बाड ठेवलं होतं. पाठीला अप्पांच्या जुन्या शर्टाचं निळ्या रेघांचं कापड चिकटवलेलं. अप्पा म्हणजे आमचे वडील. शेजारच्या कार्डावर लिहिलं होतं: माझे वडील साखर कारखान्यात कारकून होते. फाटक्या कॉमिक्सची पानं त्यांनी एकदा चुकून उलटसुलट बांधली. त्या चुकीतून माझी चित्रकला जन्मली.

मी ते कार्ड वाचलं. पुन्हा वाचलं. एक बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तुम्ही मोठ्या बहीण ना? तुम्ही पण काढता का काही?"

"मी शिकवते," मी म्हटलं, आणि माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते जेवणाच्या पाकिटातल्या सामोशाने नक्कीच नव्हतं.

आमच्या लहानपणी कारखान्याच्या कॉलनीत कामगारांसाठी एक वाचनालय होतं. दिवसा कारखान्यात कारकुनी आणि संध्याकाळी वाचनालयात बसणं, असं अप्पांचं चालायचं. साहेब लोकांच्या बंगल्यांतून मुलांची वाचून झालेली कॉमिक्स गोणीत भरून यायची. हिंदी, इंग्रजी, मराठी, सगळ्यांची सरमिसळ. कोणाचं मुखपृष्ठ नाही, कोणाची मधली पानं पिनेतून निसटलेली. गळीत हंगाम संपला, धुराडं थंड झालं आणि अंगणात काजळी पडायची थांबली की अप्पा बांधणीला बसायचे. आई खळ शिजवायची, त्यात किडीसाठी मोरचूद. दाभण, जाड दोरा, पुठ्ठे, सगळं ओट्यावर मांडलेलं. पानं गोष्टीप्रमाणे लावून द्यायचं काम माझं.

मी पाचवीची परीक्षा दिली त्या वर्षी सगळी बाडं बांधून झाली तरी पुष्कळ सुटी पानं उरली. ना सुरुवात, ना शेवट. आई म्हणाली, बंबात घालते. पण चित्राचं पान जाळणं अप्पांना पाप वाटायचं. ते म्हणाले, "पान वाया जाऊ द्यायचं न्हाई. ह्याचं बी एक बाड करू." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लाव कसंबी. ह्याला कुठं आगापिछा हाय."

ती कसंही लावायची पानं लावायला मी अख्खा मे महिना घालवला.

ओट्यावर पानं पसरून त्यांच्यावर खडे ठेवायचे, नाहीतर दुपारच्या वाऱ्याने उडायची. मी गोष्ट बघतच नव्हते. मी बघत होते ती पानाची शेवटची चौकट. गुप्तहेराचा हात दाराच्या मुठीवर आहे, तर दार कुठे उघडेल? खोलीत उघडलं तर त्यात काय मजा. मी समुद्राचं पान लावलं. पाणबुड्या पेटीचं झाकण उचलतो, तर आत काय असेल? मोहरा सगळेच ठेवतात. मी राजदरबाराचं पान लावलं, त्यात सगळे दरबारी दचकून वर बघत होते, कोणीतरी त्यांचं छप्परच उचलल्यासारखे. राजा बोट दाखवून काहीतरी फर्मावतो, पुढच्या पानावर अग्निबाण सुटतो. हे लावताना मी जेवायलासुद्धा उठायची नाही. शेवटचं पान मात्र मी सगळ्यात आधी निवडून विटेखाली ठेवलं होतं. एक बाई खिडकीत उभी राहून कोणाची तरी वाट बघतेय. म्हणजे आधीचे सगळे, गुप्तहेर, पाणबुड्या, राजा, अग्निबाणातला माणूस, तिच्याकडेच परत यायला निघालेत असं मी ठरवून टाकलं.

अप्पांनी बाड बांधलं. त्यांनी उघडूनही पाहिलं नाही. लायब्ररीत त्याला कोणी हात लावेना, एक-दोघांनी तर "डोकं फिरलं" म्हणून परत आणून दिलं. मग ते घरीच पडून राहिलं. धाकटी तेव्हा फार लहान होती, ओट्याच्या कडेला बसून आंब्याची कोय चोखत असायची. पुढे ती वाचायला शिकली ती त्याच बाडावर. ती एकच सलग गोष्ट आहे याबद्दल तिला कधी शंका आली नाही. खालचे पानांचे आकडे चौदा, तीन, सत्तावीस असे यायचे, तर गोष्टीत आकडे असेच येतात असं तिला वाटायचं.

मी ते विसरून गेले. खरंच विसरले, थेट त्या हॉलमधलं दार बघेपर्यंत. माझी चित्रकला चांगली म्हणून सगळे म्हणत होते. एलिमेंटरीला, इंटरमिजिएटला मला ए ग्रेड, धाकटीला सी. तिच्या घागरीचा काठ कायम एका बाजूला कललेला. मी चित्रकला शिक्षकाची पदविका केली, कारण त्यात नोकरी होती, आणि अप्पांना तेव्हा नोकरी हवी होती. धाकटीची वेळ आली तेव्हा अप्पांचा हात जरा सैल झाला होता. ती म्हणाली, पुण्याला जाऊन पेंटिंगच करीन, आणि अप्पा चक्क "जा" म्हणाले. मला कोणी विचारलं नव्हतं की तुला काय करायचंय. हे मी त्या वेळी बोलले नाही. पुढे मात्र मनात इतक्या वेळा बोलले की आता पाठ झालंय.

तेव्हापासून तिचा हेवा करणं हे माझं दुसरं कामच झालं, आणि ते मी शाळेच्या कामाइतकंच मन लावून केलं. तिचं चित्र पहिल्यांदा पेपरात आलं तेव्हा मी भिंग घेऊन बसले. हाताचा अंगठा चुकलेला सापडला, तेव्हा कुठे मला दुपारची झोप लागली. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी तो पेपर दाखवायची आणि अगदी सहज म्हणायची, अंगठा बघा. पुढे मोबाईलवर तिची चित्रं यायला लागली. मी प्रत्येक चित्राला अंगठा द्यायची, आणि तो अंगठा देताना माझा जीव किती जायचा हे तिला काय ठाऊक.

पण प्रदर्शनावरून परतल्यावर जे झालं ते नेहमीच्या जळण्यापेक्षा वेगळं होतं. इतके दिवस मी म्हणत होते, तिला मिळालं, मला नाही. आता कळलं की तिला जे मिळालं ते माझंच होतं. मी आयुष्यात एकच गोष्ट मनापासून, कोणी न सांगता केली होती, आणि ती काचेच्या पेटीत अप्पांची चूक म्हणून ठेवलेली होती. अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. चूक तर चूक, तीही त्यांच्या नावावर. माझ्या नावावर काय, तर वर्गातलं वस्तुचित्र. एक तांब्या, दोन वांगी, मागे पडद्याची घडी.

त्या आठवड्यात वर्गात माझ्या हातून फार आदळआपट झाली. एका मुलीने वांग्याला डोळा काढला होता. मी तिला खोडायला लावलं.

आठवडाभराने मी नगरला गेले. धाकटीने टेम्पोच्या जुन्या गॅरेजचं शेड भाड्याने घेऊन तिथे काम थाटलंय. वाटेत मी सगळी वाक्यं रचून ठेवली होती. ती नाही म्हणेल, तुझं काहीतरीच म्हणेल, मग मी एकेक पान सांगेन, विटेखालची ती बाई सांगेन. भांडायची पूर्ण तयारी होती. शेडमध्ये ऑइलचा आणि टर्पेंटाइनचा वास होता. ती खाली बसून कॅनव्हासवर ठिपके काढत होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "ते बाड अप्पांनी चुकून नाही बांधलं. ती पानं मी लावली. मुद्दाम लावली. महिनाभर खपून."

तिने ब्रश खाली ठेवला. "समुद्राचं पान दाराच्या पुढे..."

"मी."

"दरबारातले वर बघतात ते?"

"तेही मीच. आणि खिडकीतली बाई मी आधीच काढून ठेवली होती, शेवटासाठी."

ती म्हणाली, "अगं ताई." एवढंच. तिने लगेच विश्वास ठेवला, याचाच मला फार राग आला. इतकी वाक्यं रचून आणली होती, ती सगळी तोंडातच राहिली.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली. "मला आजपर्यंत अप्पांचा हेवा वाटत आलाय. मी इतकी शिकले, देशोदेशीची चित्रं पाहिली, आणि अप्पांना जे झोपेत जमलं ते मला जागेपणी जमत नाही. मी दार काढते, समुद्र काढते, पण ते सगळं त्या बाडातलं आहे. माझं स्वतःचं पुढचं पान मला कधी सापडलंच नाही. मी जुळवायला जाते ना, तर ते मुद्दाम विचित्र केल्यासारखं होतं."

खोटं कशाला बोलू, हे ऐकून मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या शेडमधली खुर्ची मी न विचारता ओढून घेतली.

तिने कोपऱ्यातून एक खोकं आणलं. रद्दीवाल्यांकडून, जुन्या बाजारातून तिने कॉमिक्सची सुटी पानं जमवली होती. पिवळी पडलेली, कडा झिजलेल्या. तोच वास. खोकं तिने माझ्यापुढे ठेवलं आणि लहानपणी गोष्ट सांग म्हणताना बोलायची तशीच म्हणाली, "लाव ना ताई. बाड करू. यावर तुझं नाव घालू."

मी पदर खोचला. जमिनीवर पानं पसरली, वर रंगाच्या बाटल्या ठेवल्या, पंखा बंद करायला लावला. तिला म्हटलं, तू तुझं काम कर, माझ्याकडे बघत बसू नकोस. ती मुकाट्याने पाठ करून बसली. मला इतका आनंद झाला होता की हात थांबतच नव्हते. या पानाशी ते, त्याच्याशी हे. एखादं पान दुमडलेलं असेल तर नखाने सरळ करायची. दुपार कशी गेली कळलं नाही. शेवटी सगळी पानं गोळा केली, जमिनीवर ठोकून चारी कडा सारख्या केल्या आणि गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "घे."

ती हात पुसून आली. एकेक पान उलटत गेली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. दार जिथे उघडतं तिथे ती दचकेल, याची वाट बघत होते. ती कुठेच दचकली नाही. अर्ध्यावर थांबली, थोडं मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग फार हळू आवाजात म्हणाली, "ताई, हे बरोबर लागलंय."

मी गठ्ठा तिच्या हातातून घेतला. जहाजाची पानं जहाजापाशी होती. गुप्तहेराची गुप्तहेरापाशी. खालचे आकडे चार, पाच, सहा, सात असे शिस्तीत चालले होते. जिथे पान हरवलं होतं तिथे मी एक कोरा कागद घातला होता, जागा राखून. तो कधी घातला हे मला आठवेना.

ती चहा ठेवायला गेली. मी तो गठ्ठा मांडीवर घेऊन बसले आणि मला हेवा वाटला, आजवर धाकटीचा कधी वाटला नाही इतका. ओट्यावर खडे घेऊन बसलेल्या त्या फ्रॉकातल्या मुलीचा. तिला कोणी लाव कसंबी म्हटलं होतं आणि तिने लावलं होतं. ती माझ्याच अंगात राहत होती, आणि ती कधी उठून गेली हे मला कळलंसुद्धा नव्हतं. मी तिला वर्गातल्या त्या मुलीसारखं खोडायला लावलं असणार, रोज थोडं थोडं.

चहा पिताना धाकटी म्हणाली, "कार्ड मी उद्याच बदलते. तुझं नाव लिहिते."

"माझं नाव नको," मी म्हटलं. "लिही, पाचवीतल्या एका मुलीने लावलं."

तिने वाद घातला नाही. कधीकधी तिला सगळं कळतं, याचाही मला राग येतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलीची चित्रकलेची वही मागितली. खोडलेल्या डोळ्याची जागा कागदावर काळपट झाली होती. तिला म्हटलं, काढ परत. ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली आणि वांग्याला नुसता देठ काढून मोकळी झाली.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा गेले, साध्या साडीत. काचेच्या पेटीशेजारी नवं कार्ड होतं, मी सांगितलं तेवढंच लिहिलेलं. कॉलेजातली काही मुलं तिथे वाकून वाचत होती. त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, "काकू, तुम्ही इथल्याच ना? कोण होती हो ही मुलगी?"

"होती एक," मी म्हटलं. "आमच्या कॉलनीतली."

"आता कुठे असते?"

मी काचेतून त्या निळ्या रेघांच्या कापडाकडे बघितलं आणि माहीत नाही म्हणून सांगितलं.